उणे सहानंतरचे पाम: कापायचे की थांबायचे?

गारठलेला_माळी

मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे. गेल्या आठवड्यात सलग तीन रात्री पारा शून्याखाली गेला. त्यातल्या सगळ्यांत वाईट रात्री पडवीच्या भिंतीवरचा तापमापक उणे ६ दाखवत होता. आजवर उणे २ च्या खाली कधी गेलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे बाग लावताना हा विचार डोक्यातही आला नाही.

बागेत एक क्वीन पाम आहे (खोड साधारण पुरुषभर उंच, आठ वर्षांचा), दोन वॉशिंग्टोनिया रोबस्टा, एक ट्रॅकीकार्पस आणि एका आळ्यात तीन बुटके खजूर, म्हणजे फिनिक्स रोबेलेनी. शिवाय कुंडीत अरेका. क्वीन पामला प्लास्टिकचा कागद गुंडाळला होता. बाकीचे उघडेच होते.

पहिल्या दिवशी सगळं हिरवंगार दिसत होतं, म्हटलं वाचलो. चौथ्या दिवसापासून पानं आधी शिजवलेल्या पालेभाजीसारखी गडद झाली आणि मग वाळक्या गवताच्या रंगावर गेली. ट्रॅकीकार्पसला मात्र काही झालेलं नाही, तो ठोंब्यासारखा उभा आहे. बागकाम करणारा माणूस म्हणतो, सगळ्या झावळ्या उतरवून टाकू आणि भरपूर युरिया देऊ, म्हणजे जोमाने फुटेल. माझेही हात शिवशिवताहेत. काय करू?

जुनाखुरपा

आधी त्या माणसाच्या हातातून कोयता काढून घ्या. युरियाची पिशवीही.

पाम म्हणजे आंबा किंवा पेरू नव्हे. आंब्याची फांदी जळली तर खालून दुसरी फुटते, कारण डोळे जागोजागी असतात. एकखोडी पामला वाढीचा डोळा एकच, शेंड्यात, पानांच्या देठांनी चहूबाजूंनी गुंडाळलेला. नारळाचा गाभा पाहिला असेल तर तेच ते. तो जिवंत असेल तर सगळी पानं जळूनही झाड परत उभं राहतं. तो मेला तर पानं हिरवी असूनही झाड मेलेलं असतं, आपल्याला ते कळायला फक्त वेळ लागतो.

म्हणून पानांकडे बघून रडू नका. दोन गोष्टी सांगा. एक, मधली न उलगडलेली सुरळी हलक्या हाताने वर ओढून पाहिली का? हलक्या हाताने, रस्सीखेच नको. दोन, त्या रात्री वारा होता का, आणि पाऊस किंवा बर्फ?

कातरकैची

मला हे "कापू नका" प्रकरण कधीच पटलेलं नाही. जे तपकिरी झालंय ते मेलंय. मेलेलं झाडावर ठेवून काय मिळणार? बुरशीला घर, वर दिसायला भूतबंगला.

जुनाखुरपा

@कातरकैची, पूर्ण वाळलेलं पान काही कामाचं नाही हे मान्य. पण थंडी संपलीय असं कोणी सांगितलं? वाळक्या झावळ्यांचा तो भूतबंगला पुढच्या गारठ्यात शेंड्यावरचं पांघरूण असतो. दुसरं म्हणजे बहुतेक पानं पूर्ण मेलेली नसतात. पातं गेलेलं असतं, पण देठ आणि मधली शीर हिरवी असते. पानाचा तेवढा तुकडाही अन्न तयार करतो, आणि या घडीला झाडाकडे दुसरी कमाई नाही. गारठ्याचा धोका टळला आणि नवं पान उलगडलं की वाळकी पानं खुशाल उतरवा. तेव्हाही हिरवा देठ राहू द्या.

एक अपवाद आहे. शेंडा सडू लागला असेल तर त्याच्याभोवतीचं कुजकं काढून तिथे हवा खेळू द्यावी लागते. पण ते गारठलेला_माळी यांच्या उत्तरावर ठरेल.

हवामानवेडी

वाऱ्याचा प्रश्न का विचारला ते थोडं उलगडून सांगते, कारण पुढच्या वर्षीची तयारी त्यावरच ठरते.

थंडी दोन तऱ्हांनी येते. एकीत आकाश निरभ्र, वारा पडलेला. जमिनीची ऊब रात्रभर आकाशाकडे निघून जाते आणि थंड हवा खाली साचते. अशा रात्री पान आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून तापमापक अधिक २ दाखवत असतानाही पानावर दव गोठलेलं दिसतं. इथे पांघरूण उपयोगी पडतं. साधी चादर, मोठ्या झाडाची सावली, घराचा वळचणीचा भाग, काहीही चालतं, कारण आकाशाकडे जाणारी ऊब अडते.

दुसरीत थंड हवेचा लोंढाच वाऱ्यासोबत येतो, दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो आणि दिवसाही वर चढू देत नाही. तिथे नुसती चादर म्हणजे थंड माणसाला थंड गोधडी. आत ऊब निर्माण करणारं काहीतरी हवं. जुन्या पद्धतीच्या तापणाऱ्या दिव्यांची माळ लोक यासाठीच खोडाला गुंडाळतात. एलईडीची माळ छान दिसते, पण ऊब जवळपास शून्य.

आणि तुमचा भिंतीवरचा तापमापक. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सोडते. तिथे उणे ६ असेल तर उघड्या वाफ्यात त्याहून एखाद-दोन अंश कमी धरा.

प्लास्टिकबद्दल वाईट वाटतं, पण सांगते. कागद जिथे पानाला टेकतो तिथे पान जास्त जळतं, आणि सकाळी ऊन आलं की आत भट्टी होते. प्लास्टिक वापरायचंच तर पानापासून लांब, सांगाड्यावर, आणि दिवसा उघडून.

गारठलेला_माळी

बापरे. प्लास्टिक दोन दिवस तसंच होतं.

वारा होता, पहिल्या दिवशी चांगलाच. त्याआधी पाऊस पडून गेला होता, म्हणजे शेंडे ओले होते. आज सुरळ्या ओढून पाहिल्या. क्वीन पामची घट्ट आहे. वॉशिंग्टोनियापैकी एकाची घट्ट, दुसऱ्याची थोडी हलते. तीन बुटक्या खजुरांपैकी दोघांच्या सुरळ्या सरळ हातात आल्या. खालचं टोक मऊ, तपकिरी आणि वास असा की हात तीनदा धुतले. तिसऱ्याची सैल आहे पण निघाली नाही.

जुनाखुरपा

सुरळी हातात येणं म्हणजे लगेच तेरावं घालायचं असं नाही. सुरळी ज्या कोवळ्या भागाला जोडलेली असते तो भाग मेला, एवढंच त्यातून कळतं. वाढीचा डोळा त्याच्या खाली असतो, आणि कधी कधी तो वाचलेला असतो.

आता धोका थंडीचा कमी आणि सडण्याचा जास्त. गोठून फुटलेल्या पेशी म्हणजे बुरशी आणि जिवाणूंना आयतं जेवण. त्या पोकळीत पाणी साचू देऊ नका. वर तिरकं छप्पर करा, चारही बाजूंनी हवा जाईल असं. आत दिसतंय तेवढं मऊ, कुजकं चमच्याने काढा. मग ताम्रयुक्त बुरशीनाशक, कॉपर ऑक्सिक्लोराईड चालेल, पाकिटावरच्या प्रमाणातच, थेट शेंड्यात. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. तांबं अशासाठी की ते जिवाणूंवरही चालतं. बाकीची बहुतेक बुरशीनाशकं फक्त बुरशीपुरती. पण दोन वेळांवर थांबा, साचलेलं तांबं कोवळ्या कोंबाला जाळतं. सैल सुरळ्यांनाही हीच फवारणी द्या.

बुडबुडे

हायड्रोजन पेरॉक्साइड कोणी सांगितलं नाही अजून? औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं. पोकळीत ओतलं की फेस येतो, आणि फेस यायचा थांबला की साफ झालं समजायचं. माझे दोन पाम त्यावर वाचले.

जुनाखुरपा

वाचले, पण त्यामुळेच वाचले का हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. फेस जिवंत पेशीवरही येतो, हाताच्या जखमेवर लावून बघा. एकदा वापरायला हरकत नाही. पण काहीजण दर दोन दिवसांनी ओततात आणि ज्या शेंड्याला कोरडं ठेवायचं त्यालाच भिजवत बसतात.

बुडबुडे

तो मुद्दा मान्य. मी एकदाच वापरलं होतं.

साबालभक्त

इथे कोणी आकडे मांडले नाहीत, म्हणून मी मांडतो. हे प्रौढ, मुळं धरलेल्या झाडांचे आणि ढोबळ आहेत. रोप असेल तर दोन-तीन अंश आधीच कोसळतं.

नारळ दहा अंशांखालीच कुरकुरू लागतो. त्याला बर्फाचीही गरज नाही, नुसत्या गारव्यानेच पानांवर डाग पडतात. अरेका शून्याच्या आसपास जळतो. बुटका खजूर उणे ३ ला. क्वीन पामची पानं उणे ४ ला जातात आणि त्याच्या पुढे जिवावर बेततं. वॉशिंग्टोनिया रोबस्टा उणे ६ ला सगळी पानं टाकतो, पण वाढ जबरदस्त असल्याने भरूनही पटकन काढतो. त्याचाच जाड खोडाचा भाऊ फिलिफेरा उणे ८ च्या खालीही टिकतो, मात्र थंडी कोरडी हवी. ओल्या थंडीत त्याचा शेंडा सडतो. कॅनरी बेटांवरचा खजूर साधारण उणे ७. बुटिया आणि भूमध्य समुद्राकाठचा कॅमेरॉप्स उणे १० पर्यंत. ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय उणे १२ ते १५. आणि सगळ्यांचा बाप रॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स, उणे २० च्या आसपासही जिवंत राहिलेला. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बुटका, बुंध्याला सुयांसारखे काटे, दिसायला अजागळ. म्हणून कोणी लावत नाही.

ट्रॅकीकार्पसच्या नावातला फॉर्च्युन म्हणजे स्कॉटिश वनस्पतीसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्युन. त्याने १८४९ मध्ये चीनमधून ही झाडं ब्रिटनला पाठवली. तुमचा ठोंब्या उगाच उभा नाही, त्याच्या घराण्याला बर्फाची सवय आहे.

पण आकडा म्हणजे शपथपत्र नव्हे. उणे ६ दोन तास आणि उणे ६ वीस तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पान पातळ, लगेच गोठतं. शेंडा आणि खोड जाडजूड, त्यांना गोठायला वेळ लागतो. लांबलेली थंडी मारते ती यामुळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तेच झालं. डॅलसमध्ये १६ तारखेला पारा उणे १९ वर गेला होता, आणि थंडी काही दिवस हटली नाही. राज्यात वॉशिंग्टोनिया रोबस्टा रांगाच्या रांगा मेले. तिथल्याच मातीतले साबाल जातीचे पाम मात्र बऱ्याच ठिकाणी पानं गमावून पुन्हा उभे राहिले. (माझ्या नावाचं कारण कळलं असेल.)

पठारावरची

एक भाबडा प्रश्न. अँडीज पर्वतात तर पाम खूप उंचावर वाढतात ना? मग ते का लावत नाहीत लोक?

साबालभक्त

तुम्ही सेरॉक्सिलॉन म्हणताय. कोलंबियाचा राष्ट्रीय वृक्ष, ६० मीटरपर्यंत उंच जातो, जगातला सर्वांत उंच पाम. पण तिथे वर्षभर गारवा असतो, कडाका नसतो. गार हवा मानवणं वेगळं आणि गोठणं सोसणं वेगळं. उलट उन्हाळा तापला की तो रुसतो. नादी लागू नका, मी लागलो होतो.

नवखी_बागवाली

माझा सॅगो पाम पूर्ण तपकिरी झालाय, त्यालाही शेंड्यात तांबं घालू का?

जुनाखुरपा

ताई, तो पाम नाहीच. सायकस आहे, नात्याने पामपेक्षा देवदाराला जवळचा. बुंधा दाबून पाहा. टणक असेल तर ऊब आल्यावर नव्या पानांचा अख्खा झुपका एकदम फेकेल. मऊ लागला तर अवघड आहे.

मातीमोल

युरियाचा विषय अर्धवट राहिला. थंड मातीत मुळं काम करत नाहीत, त्यामुळे दिलेलं खत तिथेच पडून राहतं किंवा वाहून जातं. माती ऊबदार झाल्यावर द्या, तेही सावकाश विरघळणारं, आणि नत्राइतकंच किंवा जास्त पालाश (पोटॅश) असलेलं. पालाश कमी असलेल्या पामची पानं थंडीत आधी जातात. थंडीच्या तोंडावर नुसतं नत्र देऊन लुसलुशीत वाढ करवून घेणं म्हणजे संकटाला आवतण.

पाणीही बेताने. पानंच नाहीत तर झाड पिणार किती? शेंडा सुकतोय म्हणून लोक खाली पाणी ओतत राहतात आणि मुळंही कुजवतात.

गारठलेला_माळी

सगळ्यांचे आभार. कोयता माळ्यावर, युरिया परत. छप्परं केली, पहिली फवारणी झाली. आता रोज सकाळी जाऊन बघतो आणि रोज वाटतं की काहीच हललेलं नाही.

झावळीवरची_खार

रोज बघून वेड लागेल, मी गेलेय त्यातून. सुरळीवर आणि तिच्या शेजारच्या देठावर न पुसणाऱ्या पेनाने एकाच पातळीत आडवी रेघ मारा. मग आठवडाभर तिकडे फिरकूच नका. सुरळीवरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर सरकली की झाड वाढतंय. मिलिमीटरभर सरकली तरी मोजायची.

गारठलेला_माळी (सात आठवड्यांनी)

रेघ सरकली!! क्वीन पामची बोटभर, दोन्ही वॉशिंग्टोनियांची त्याहून जास्त. जीव भांड्यात पडला. बुटक्या खजुरांत मात्र शांतता.

काळजी एकच. क्वीन पामचं नवं पान उलगडतंय ते विचित्र आहे. अर्धं हिरवं, टोकं जळलेली, पात्या चुरगळलेल्या, जणू कोणीतरी मुठीत धरून पिळलंय. रोग आहे का?

जुनाखुरपा

रोग नाही, ते त्या रात्रीचं पान आहे. पामच्या शेंड्यात पुढची पानं लहान-लहान होत एकात एक बसलेली असतात. नारळात तर पान आत धरल्यापासून बाहेर दिसायला दोन वर्षांहून जास्त लागतात. म्हणजे आज बाहेर येणारं पान गारठ्याच्या वेळी आत सुरळी होऊन बसलेलं होतं आणि त्याचा तेवढाच भाग भाजला. पुढची दोन-तीन पानं अशीच येतील, प्रत्येक आधीच्यापेक्षा बरं. कापू नका.

मातीमोल

पुरवणी: नवी पानं फिकट, खुरटी आणि कुरळी येत राहिली तर मँगनीजची कमतरता. थंड मातीतून मुळांना मँगनीज उचलता येत नाही. माती तापली की बऱ्याचदा आपोआप सुधारतं, नाहीतर मँगनीज सल्फेट.

साबालभक्त

रंगाचा बेरंग करायची इच्छा नाही, पण क्वीन पामवर लक्ष ठेवा. खोडाला उभी चीर किंवा ओलसर डाग दिसतोय का?

गारठलेला_माळी

हो, कमरेच्या उंचीवर एक वीतभर चीर आहे. पण झाड तर मजेत आहे, दुसरं पान येतंय.

गारठलेला_माळी (पहिल्या उन्हाळी झळांनंतर)

साबालभक्त, तुम्ही बरोबर होतात. पहिले चार दिवस कडक ऊन पडलं आणि क्वीन पाम पाच दिवसांत बसला. तीन नवी पानं आली होती, तिन्ही माना टाकून लोंबकळताहेत. सुरळी अजूनही घट्ट आहे, हे कळतच नाही मला. पाणी रोज देत होतो.

साबालभक्त

वाईट वाटलं. हे होतं म्हणूनच चिरेबद्दल विचारलं होतं. आंब्याच्या खोडात सालीखाली कॅम्बियमचा थर असतो, तो दरवर्षी नव्या पाणीवाहिन्या घालतो आणि जखम भरतो. पामला तो नाही. पाणी वाहणारे धागे खोडभर विखुरलेले असतात आणि जन्मभर तेच पुरवायचे. त्या रात्री त्यातले काही गोठून मेले. थंड, ढगाळ दिवसांत उरलेल्यांनी भागवलं, झाडाने खोडातल्या साठ्यावर पानंही काढली. ऊन चढलं, मागणी वाढली आणि नळ पुरेना. तुम्ही मुळाशी कितीही ओतलंत तरी ते वर चढायला वाट नव्हती.

जुनाखुरपा

खोड लवत असेल किंवा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर लवकर उतरवा, अंगावर येईल. यात तुमची चूक शोधत बसू नका. त्या थंडीत क्वीन पाम जाणारच होता, प्लास्टिकने फार तर थोडं लवकर नेलं.

हवामानवेडी

पुढच्या थंडीसाठी आताच लिहून ठेवा, नाहीतर आदल्या रात्री परत धावपळ. अंदाज आला की दोन दिवस आधी वाफा भिजवायचा, ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते. शेंडा मात्र कोरडा. पानं वर गोळा करून सैल बांधायची, खोड आणि शेंडा कापडाने गुंडाळायचे, वारा असेल तर आत तापणारी माळ. बुंध्याभोवती वीतभर पालापाचोळा. कुंड्या आत, कारण कुंडीतली माती चारही बाजूंनी गोठते आणि मुळं पानांपेक्षा नाजूक असतात.

फवारे लावून झाडावर बर्फ चढवायची युक्ती फळबागांत करतात. गोठणारं पाणी दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं, म्हणून ती चालते. पण बर्फ वितळेपर्यंत फवारा अखंड हवा. मध्येच वीज गेली तर न केल्यापेक्षा वाईट, आणि वजनाने झावळ्या मोडतात ते वेगळंच. घरच्या बागेत करू नका.

कातरकैची

मीही कबूल करून टाकतो. मी थंडीनंतर लगेच माझा बुटिया पूर्ण भादरला होता. पंधरा दिवसांनी दुसरा गारठा आला. शेंडा उघडा होता. आता फक्त खोड आहे. एकखोडी आहे, खालून फुटेल का?

जुनाखुरपा

नाही.

नवखी_बागवाली

माझ्या सायकसने एकदम सतरा पानं काढली! विषयांतराबद्दल माफी, पण कोणाला तरी सांगायचं होतं.

गारठलेला_माळी (आणखी महिन्याभराने)

क्वीन पाम काढला. वॉशिंग्टोनिया चार-चार पानांवर आहेत आणि शेवटची दोन पानं अगदी निर्दोष. ज्याची सुरळी हलत होती तोच आता पुढे आहे.

आज खरं लिहायला आलो ते बुटक्या खजुरांसाठी. मी तो वाफा रिकामा करणार होतो. छप्पर काढलं तर तीनपैकी एकाच्या पोकळीत, अगदी कडेला, करंगळीएवढी हिरवी सुरळी. ज्याची सैल होती तो नव्हे, ज्याची हातात आली होती त्यातला एक. ओढून नाही पाहिली.

बाकी दोन्हींत बोट घातलं तर आत नुसता भुसा. ती दोन काढताना याची मुळं दुखावतील का? तिघं एकाच आळ्यात आहेत.

जुनाखुरपा

उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असणार. दोघांना जमिनीलगत करवतीने कापा आणि बुंधे तिथेच कुजू द्या. आणि छप्पर परत घाला, पाऊस अजून यायचाय.